भागिले कशाने?

भारतात बनणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम आणि ब्रँडीच्या बाटल्यांवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे छापलेले असते. चाळीस नाही, त्रेचाळीस नाही, नेमके ४२.८. चव घेऊन कोणी हा आकडा ठरवलेला नाही. ब्रिटिश अबकारी खाते मद्याची तीव्रता 'प्रूफ' नावाच्या पट्टीवर मोजत असे. ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्या मद्याचे वजन तेवढ्याच घनफळाच्या शुद्ध पाण्याच्या बारा-तेरांश भरेल ते 'प्रूफ स्पिरिट', अशी तिची कायदेशीर व्याख्या होती. आजच्या भाषेत त्यात घनफळाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असतो. याच्या पाऊणपट, म्हणजे ७५ अंश प्रूफ, ही आपल्याकडच्या मद्याची रूढ तीव्रता झाली, आणि ५७.१ चे पंचाहत्तर टक्के काढले की ४२.८ येतात. खुद्द ब्रिटनने ही पट्टी १९८० साली सोडली. आपल्या बाटल्यांवर मात्र तिचे रूपांतर उरले आहे, आणि राज्यांच्या उत्पादन शुल्काच्या हिशेबात 'प्रूफ लिटर' हे अर्धे ब्रिटिश, अर्धे मेट्रिक एकक अजून नांदते आहे. याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. १०० अंश ब्रिटिश प्रूफचे मद्य अमेरिकेत नेले तर ते ११४ प्रूफ होते, कारण तिथली पट्टी घनफळाच्या टक्केवारीच्या थेट दुप्पट धरते. घनफळ सोडून वजनाने टक्केवारी काढली तर तेच मद्य जेमतेम ४९ टक्के भरते. द्रव एकच, आणि १००, ११४, ५७ व ४९ हे चारही आकडे खरे.

लांबी किंवा वजन एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना आपण एकाच राशीशी व्यवहार करत असतो. इंचांना २.५४ ने गुणले की सेंटिमीटर मिळतात. तो इंच कापडाचा होता की लोखंडी सळईचा, याने काही बिघडत नाही. संहतीचे तसे नसते. कशात काय किती आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे संहती, त्यामुळे ती मुळातच भागाकार असते. वर विरघळलेला पदार्थ आणि खाली द्रावण. वरचे एकक बदलते, खालचे बदलते, आणि वरचा पदार्थ कोणत्या नावाने मोजला हेही बदलते. या तिसऱ्या बदलाची नोंद बहुतेक कोष्टकांत नसते. या साऱ्या व्यवहारात गुणक हीच सर्वांत निर्धोक गोष्ट आहे असे माझे म्हणणे आहे. तो पुस्तकात छापलेला असतो, फोनमध्ये असतो, आणि चुकला तर कोणीतरी पकडतो. घात करतात ते न लिहिलेला छेद आणि न लिहिलेले नाव. म्हणूनच 'ब्रिटिश एकके टाका, मेट्रिक घ्या, प्रश्न मिटला' हे उत्तर मला अपुरे वाटते.

जुन्या ब्रिटिश एककांची करामत पाहायची तर पाण्याचा जडपणा हा उत्तम विषय आहे. साबणाला फेस येऊ न देणारे, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारे दुष्फेन पाणी बोअरवेल आणि टँकरवर जगणाऱ्या आपल्या गृहसंस्थांना चांगलेच परिचयाचे आहे. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये असे पाणी मृदू करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. साबणाचे प्रमाणित द्रावण वापरून जडपणा मोजण्याची चाचणीही त्यांचीच. त्यांच्या नावाचा 'क्लार्क अंश' म्हणजे एक गॅलन पाण्यात एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट. ग्रेन हे ६४.८ मिलिग्रॅमचे एकक. एका पौंडात ते ७,००० बसतात. (आपला ११.६६ ग्रॅमचा जुना तोळाही याच मापात बसवलेला होता. कंपनी सरकारने १८३३ साली तो १८० ग्रेनचा ठरवला.) १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने आपला गॅलन दहा पौंड पाण्याएवढा निश्चित केला. दहा पौंड म्हणजे ७०,००० ग्रेन, तेव्हा गॅलनमागे एक ग्रेन म्हणजे सत्तर हजारांत एक भाग. ब्रिटिश मापांना वेडगळ ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण हा हिशेब वेडगळ नाही. ज्या काळात गॅलनने पाणी आणि ग्रेनने रसायने मोजली जात होती, त्या काळातल्या रसायनज्ञाला तो तोंडी करता येत होता.

गडबड झाली ती एकाच नावाचे दोन छेद तयार झाल्यामुळे. १८२४ मध्ये अमेरिका ब्रिटनच्या कायद्याखाली नव्हती. तिने राणी ॲनच्या काळातला २३१ घनइंचांचा वाइनचा गॅलन तसाच ठेवला. तो ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. ग्रेन दोन्हीकडे अगदी सारखा. त्यामुळे 'गॅलनमागे एक ग्रेन' म्हणजे ब्रिटिश हिशेबात लिटरमागे १४.२५ मिलिग्रॅम आणि अमेरिकी हिशेबात १७.१२ मिलिग्रॅम. बोअरवेलच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल तर तो २८ क्लार्क अंश होतो, अमेरिकी ग्रेनमध्ये २३.४ आणि जर्मन अंशांत २२.४. आता समजा, एखाद्या सोसायटीने ३२,००० ग्रेन क्षमतेचे अमेरिकी बनावटीचे मृदूकरण यंत्र आणले. ३२,००० ला २३.४ ने भागले की सुमारे १,३७० गॅलन येतात. यंत्राला पुन्हा मिठाचे पाणी देण्याआधी तेवढे पाणी मृदू होणार. हे गॅलन ब्रिटिश समजून कोणी ४.५४६ ने गुणले तर ६,२०० लिटरचा भरवसा धरून बसेल. यंत्र मात्र ५,२०० लिटरच्या आसपासच थकेल. गुणाकार, भागाकार सगळे बरोबर, आणि तरी हजार लिटर जड पाणी टाकीत. यात धोका कोणालाच नाही, फक्त वैताग आहे, पण चुकीची घडण नीट दिसते. वरचे एकक दोन्हीकडे जुळले की खालचे तपासावे असे कोणाला वाटत नाही.

जडपणाच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. त्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेले असते असे नाही. असतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन. वेगवेगळ्या नाण्यांची चिल्लर मोजून एकूण रक्कम रुपयांत सांगावी, तसा हा सगळा ऐवज कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगण्याचा रिवाज आहे. त्याचे रेणुवस्तुमान जवळजवळ नेमके १०० येते, म्हणून ते सोयीचे. लिटरमागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर या रिवाजाने १०० मिलिग्रॅम जडपणा होतो. जर्मन अंश कॅल्शियम ऑक्साइडच्या हिशेबात चालतो, म्हणून तेच कॅल्शियम तिथे ५६ मिलिग्रॅम होते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे, ती कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. हे शेवटचे शब्द गाळून कोणी नुसत्या कॅल्शियमचा आकडा त्या मर्यादेशी ताडून पाहिला, तर त्याचे पाणी अडीचपट चांगले ठरेल.

जडपणाने त्वचा कोरडी पडेल, फार तर गिझर जाईल. नायट्रेटच्या बाबतीत याच गाळलेल्या शब्दांची किंमत वेगळी असते. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. अमेरिकेची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. दोन्ही आकडे मेट्रिक, दोन्हींचा छेद लिटर. वाचणाऱ्याला वाटेल, अमेरिकी निकष आपल्यापेक्षा साडेचारपट कडक आहे. प्रत्यक्षात दोन्ही निकष जवळजवळ एकच आहेत. आपण अख्ख्या नायट्रेट आयनाचे वजन सांगतो, अमेरिकन त्यातल्या फक्त नायट्रोजनचे. आयनाचे वजन ६२, त्यातल्या नायट्रोजनचे १४. भागून पाहा, ४.४३ येतात. आता एखाद्या विहिरीच्या अहवालात 'नायट्रेट ३०' एवढेच लिहिलेले असेल तर काय समजायचे? अख्ख्या आयनाच्या हिशेबात ते पाणी निर्धोक. नायट्रोजनच्या हिशेबात ते १३३ मिलिग्रॅम नायट्रेट झाले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्या पाण्यात बाळाचे बाटलीतले दूध कालवू नये. बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटवणाऱ्या विकाराचा विहिरीतल्या नायट्रेटशी असलेला संबंध अमेरिकेतल्या आयोवात १९४५ साली मांडला गेला. महाराष्ट्राच्या भूजलातले नायट्रेट हा केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत वारंवार येणारा विषय आहे, तेव्हा ही शंका केवळ पुस्तकी नाही. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायला वापरल्या जाणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचीही हीच गत. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर टाकली, म्हणजे लिटरमागे २.५ मिलिग्रॅम पावडर झाली, क्लोरीन नव्हे. ताज्या पावडरीत कामाचे क्लोरीन साधारण ३३ टक्के, म्हणून प्रत्यक्ष मात्रा ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास. पोते ओलसर खोलीत महिनोन्महिने पडले असेल तर त्याहूनही कमी.

एकक, छेद आणि नाव यांची सरमिसळ किती दूर नेऊ शकते याचा सर्वांत गाजलेला पुरावा कॅनडातला आहे. तो पाण्यातल्या क्षाराचा नसून इंधनाच्या घनतेचा आहे, पण घनता हीसुद्धा वस्तुमान भागिले घनफळच. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता, आणि कंपनीच्या ताफ्यात इंधन किलोग्रॅममध्ये मोजणारी विमाने म्हणजे हीच नवी ७६७. त्या दिवशी या विमानाचे इंधनमापक बंद पडलेले होते, म्हणून टाकीतली पातळी हाताने मोजून ७,६८२ लिटर इंधन असल्याचे ठरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करायला घनता लागते, आणि हिशेबासाठी हाताशी आकडा होता १.७७. हा आकडा खोटा नव्हता. तो लिटरमागे पौंडांचा होता. लिटरमागे किलोग्रॅमांचा आकडा ०.८०३ हवा होता. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले, ते किलोग्रॅम समजले गेले, आणि उरलेल्या ८,७०३ साठी ४,९१७ लिटर इंधन भरले गेले. खरे तर २०,०८८ लिटर भरायला हवे होते.

या आकडेमोडीत एकही गुणाकार चुकलेला नाही. पुन्हा पुन्हा तपासूनही ती बरोबरच आली असती, कारण तपासणारे तोच १.७७ घेऊन तपासत होते. विमानात २२,३०० पौंड इंधन होते, म्हणजे १०,१०० किलोग्रॅमच्या जरा वर. गरजेच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर, ऑन्टॅरिओतल्या रेड लेकच्या आसपास, दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिनाविना चालणारी ग्लायडर विमाने उडवण्याचा सराव होता, आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना मॅनिटोबातल्या गिमली इथला हवाई दलाचा जुना तळ माहीत होता. मोटारींच्या शर्यतींसाठी वापरात असलेल्या त्या धावपट्टीवर त्यांनी विमान उतरवले. ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे वाचले. या प्रसंगातला खरा खलनायक ब्रिटिश पद्धत आहे असे अनेकदा लिहिले जाते. ते मला पटत नाही. 'लिटरमागे पौंड' हे एकक ना ब्रिटिश, ना मेट्रिक. ते एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाताना मधेच जन्मलेले संकरित एकक आहे. लिटर दिसल्यावर वरचाही भाग मेट्रिकच असणार असे मनाने गृहीत धरले. जडपणाच्या उदाहरणात वरचा ग्रेन जुळल्याने खालचा गॅलन तपासला गेला नव्हता. इथे खालचा लिटर जुळल्याने वरचा पौंड निसटला. पूर्ण परक्या एककापेक्षा अर्धे ओळखीचे एकक जास्त फसवते.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे उलट तुमचेच म्हणणे पडले. सगळे जग शंभर टक्के मेट्रिक असते तर संकर झालाच नसता. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. मेट्रिक पद्धतीत दशलक्ष लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन टाकायचे तर बरोबर १ किलोग्रॅम लागते. लहान मूलही सांगेल. अमेरिकेतल्या जलशुद्धीकरण केंद्रात तोच हिशेब दशलक्ष गॅलनला ८.३४ पौंड असा करतात, आणि तो ८.३४ तिथल्या प्रत्येक कामगाराला पाठ करावा लागतो, कारण अमेरिकी गॅलनभर पाण्याचे वजन तेवढे पौंड भरते. आपल्या देशातही मुंबईचा पाणीपुरवठा दशलक्ष लिटरमध्ये सांगितला जातो आणि दिल्लीचा अजून दशलक्ष गॅलनमध्ये. दिल्लीचे गॅलन ब्रिटिश, म्हणून तिथल्या एक हजाराला मुंबईच्या ४,५४६ समजायचे. भारताने वजनमापांचा मेट्रिक कायदा केला १९५६ साली. हा सगळा गोंधळ टळला तर कोणाला नको आहे? पण मेट्रिकमध्ये आल्यावर संहतीचे प्रश्न संपतात का, हे पाहायला दूर जायला नको. रक्ताचा अहवाल पुरेसा आहे.

भारतात रक्तातली साखर डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात लिटरमागे मिलिमोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येने. दोन्ही एकके पक्की मेट्रिक आहेत. लंडनला मुलाकडे गेलेल्या आजोबांनी तिथे उपाशीपोटी साखर तपासली आणि ७ आकडा पाहून हायसे वाटून घेतले, तर ते धोक्याचे आहे. तो ७ म्हणजे आपल्याकडचे १२६, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० असल्यामुळे इथे १८ ने गुणावे लागते. हा अठरा लक्षात ठेवून कोणी कोलेस्टेरॉललाही लावला की संपलेच. कोलेस्टेरॉलचा रेणू वेगळा, त्याला गुणक ३८.७, क्रिएटिनिनला त्याहून वेगळी एकके आणि त्याहून वेगळा गुणक. गॅलनचा लिटर करताना पाणी, दूध, रॉकेल सगळ्यांना एकच गुणक चालतो. मिलिग्रॅमचे मिलिमोल करताना प्रत्येक पदार्थाला स्वतःचा गुणक लागतो, म्हणजे पदार्थाचे नाव हे एककाचाच भाग होऊन बसते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत तर नुसता गुणाकारही पुरत नाही. आपल्याकडचे ६.५ टक्के ब्रिटनमध्ये ४८ होतात आणि ७ टक्के ५३. आधी गुणायचे, मग त्यातून वजा करायचे. १३ टक्के म्हणजे ६.५ च्या दुप्पट, म्हणून ते ९६ होतील म्हणावे तर ११९ निघतात.

इन्शुलिनचे उदाहरण तर आपल्या घराघरातले आहे. भारतात कुपीतले इन्शुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटचे मिळते, पेनमधल्या काडतुसातले १०० युनिटचे, आणि १०० युनिटच्या कुप्याही मिळतात. छेद दोन्हीकडे मिलिलिटर. सिरिंजवर मात्र मिलिलिटर लिहिलेले नसतात, थेट युनिट लिहिलेली असतात. याचा अर्थ भागाकार आधीच करून तो सिरिंजच्या मोजपट्टीत गोठवलेला आहे. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० चे इन्शुलिन भरले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट शरीरात जातात. उलट केले तर २० ऐवजी ८. पहिल्या चुकीने रुग्ण बेशुद्ध पडू शकतो, दुसरीने साखर चढत राहते आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवत जातात. इथे ना पौंड आहे, ना गॅलन. छेद सिरिंजमध्ये लपला आणि रंगावर सगळी भिस्त राहिली, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. एवढी डोकेफोड कशाला, फोनला विचारले की तो सेकंदात सांगतो. सांगतो खरे, पण विचारलेलेच सांगतो. गॅलन म्हटले की अनेक साधने अमेरिकी गॅलन धरून चालतात. दिल्लीचा आकडा टाकणाऱ्याला ती थांबवून विचारत नाहीत. 'नायट्रेट ३०' मधले ३० कशाचे, हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही, कारण ते अहवालातच लिहिलेले नाही. उपकरण जितके सफाईने उत्तर देते तितकी ही उणीव झाकली जाते, आणि वर उत्तर दशांशानंतर चार आकड्यांनी सजलेले येते. साबणाच्या फेसावरून अंदाजाने काढलेला १५ ग्रेनचा जडपणा २५६.७७ मिलिग्रॅम म्हणून छापला की मोजणाऱ्याकडे नसलेली अचूकता कागदावर दिसू लागते. जुन्या औषधवाल्यांना हे बरे कळत होते. ग्रेनचे मिलिग्रॅम करताना अमेरिकनांनी तो ६५ धरला आणि ब्रिटिशांनी ६०. म्हणून पाच ग्रेनची ॲस्पिरिनची गोळी तिकडे ३२५ मिलिग्रॅमची झाली आणि इकडे ३०० ची. हृदयासाठी रोज घ्यायची छोटी गोळी त्यांची ८१ ची आणि आपली ७५ ची, ती या दोन गोळ्यांची एकेक चतकोर. एवढ्या फरकाने कोणाचे बिघडले नाही.

मग पीपीएम म्हणून मोकळे व्हावे, दशलक्षात किती भाग एवढे सांगितले की एककांची भानगडच नको, असाही एक विचार असतो. घरोघरच्या आरओ यंत्रांमुळे हा शब्द आपल्या तोंडी रुळलाही आहे. पिण्याच्या पाण्यापुरते हे ठीक आहे. लिटरभर पाणी किलोभर भरते, म्हणून पीपीएम आणि लिटरमागे मिलिग्रॅम एकच आकडा देतात. समुद्राच्या पाण्यातच हे जमेना होते. तिथे वजनाने ३५,००० पीपीएम क्षार असतात, पण ते पाणी जड असल्यामुळे लिटरमागे सुमारे ३५,९०० मिलिग्रॅम भरतात. हवेत गेलो की पीपीएम वजनाचा राहतच नाही, घनफळाचा होतो. कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा भारतात घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत ९ पीपीएम. ९ पीपीएम म्हणजे २५ अंश सेल्सियसला घनमीटरमागे सुमारे १०.३ मिलिग्रॅम, तापमान बदलले की हा आकडाही सरकतो. आपला निकष पाचपट कडक आहे, हे २ आणि ९ शेजारी ठेवून कळत नाही. एकक पुसून टाकल्याने भागाकार नाहीसा होत नाही, तो फक्त वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडला जातो.

याचा इलाज खर्चिक नाही, आणि एका ठिकाणी तो करूनही झाला आहे. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनवर पूर्वी १:१००० किंवा १:१०,००० असे गुणोत्तर लिहिण्याची प्रथा होती. पहिले तीव्र ॲलर्जीत स्नायूत द्यायचे, दुसरे हृदय बंद पडल्यावर शिरेतून. गुणोत्तराच्या वरच्या अंगाला ग्रॅम आणि खालच्या अंगाला मिलिलिटर हे गृहीत धरायचे, आणि रुग्ण समोर निपचित पडलेला असताना शून्ये मोजून मिलिग्रॅम काढायचे. एका शून्याची चूक म्हणजे दहापट औषध. अमेरिकेने २०१६ पासून एकट्या ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनांवरून ही गुणोत्तरे काढली. १:१००० च्या जागी 'मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम' आणि १:१०,००० च्या जागी 'मिलिलिटरमागे ०.१ मिलिग्रॅम' असे छापायला लावले. औषध तेच राहिले, तीव्रताही तीच. स्थानिक भूल देण्याच्या इंजेक्शनांत मात्र ॲड्रेनलिन दुसऱ्या औषधात मिसळलेले असते, आणि तिथे जुनी लिपी चालू राहिली. त्यातले १:२,००,००० म्हणजे मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, हे सिरिंज भरणाऱ्याला अजूनही मनातल्या मनात काढावे लागते.